डीलियाच्या शवपेटीतला काळा बगळा

मी, फेलिम गॅफनी, वय एकोणऐंशी, धंदा लाकडी दागिने घडवण्याचा, राहणार डेरीगॉवना, काउंटी लाँगफर्ड, आयर्लंड, हा कागद माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, कोणी शेजारी बसून सांगत नाही, आणि प्यायलेली वस्तू फक्त चहा आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले असून तो दाखला सोबत जोडला आहे. दाखला मागण्याचे कारण असे की, गेल्या काही आठवड्यांत माझ्या डोक्याविषयी माझीच खात्री उरली नव्हती. मेलेल्या बायकोच्या छातीवर मी स्वतःच्या हाताने लावलेला दागिना, तिला मातीत घालून अठरा वर्षे झाल्यावर, मी नातीच्या लग्नात नातीच्या हातात पाहिला. अशा माणसाने आधी डॉक्टरकडे जावे की पाद्रीबाबांकडे, हे मला कोणी सांगावे. मी डॉक्टरकडे गेलो, कारण त्या जवळ राहतात.

कलम पहिले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात घर, जमीन, लाकडाची शेड, सगळे मुलगा कोलमन याला, आणि मुलगी सोरखा हिला माझ्या आईचे भांड्यांचे कपाट व त्यातल्या निळ्या बशा, असे लिहिले होते. आमच्याकडे असेच लिहितात. माझ्या बापाने असेच लिहिले, आणि त्याच्या बापाने तर लिहिण्याचेही कष्ट न घेता तोंडीच सांगितले. या नव्या कागदात घर आणि जमीन यांचा प्रश्न नाही. प्रश्न आहे शेडचा, तिच्यात वाळत पडलेल्या शेवटच्या मोठ्या खोडाचा, आणि माझ्या मुलीचे नाव या कागदात राहावे की न राहावे याचा. वकील गिल्हूलीबाईंनी हा मसुदा तीनदा टंकून दिला आणि तीनदा मी तो चुलीत घातला. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, फेलिमकाका, आता तुम्हीच लिहा, मी फक्त शेवटी शिक्का मारीन.

कलम दुसरे. डेरीगॉवना येथील राहते घर, त्यामागचे शेत, कोंबड्यांचे खुराडे कोंबड्यांसह, आणि पतपेढीत जे काही असेल ते, हे सर्व माझा मुलगा कोलमन याला मिळावे. तो ॲथलोनला वीजकाम करतो आणि स्वभावाने लोणी आहे. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, एक सोडून.

दोन वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडून मी इस्पितळात पडलो होतो. तेव्हा या भल्या पोराने, म्हातारा बाप थंडीत काम करतो म्हणून, शेडमध्ये विजेचा हीटर बसवला आणि चालू करून निघून गेला. त्या वेळी आत दोन खोडे वाळत होती. आता दलदलीतून निघालेले लाकूड म्हणजे काही ओले पायमोजे नव्हेत. हजारो वर्षे काळ्या पाण्यात निजलेले असते ते. पाच हजार म्हणतात. मी मोजायला नव्हतो. ते पाणी लाकडाच्या मर्जीने जाऊ द्यावे लागते, एकेका हिवाळ्याने. टोकांना मेण लावायचे, ओली गोणपाटे गुंडाळायची, अधूनमधून कूस बदलायची, आणि आपण गप्प राहायचे. घाई केली की ते उभे फाटते. लहान खोड फाटले तेव्हा शेजारणीने बंदूक झाडल्याचा आवाज आला म्हणून पोलिसांना फोन केला होता. मोठे वाचले, ते त्याच दुपारी सोरखा कोंबड्यांना दाणे घालायला आली म्हणून. तिने हीटरची तार भिंतीतून उपटली आणि संध्याकाळपर्यंत गोणपाटे भिजवत बसली, असे शेजारणीनेच मला सांगितले. कोलमनला मी काही बोललो नाही. काय चुकले ते ज्याला आजही कळलेले नाही, त्याला बोलून काय उपयोग.

कलम तिसरे. दलदलीतला आमचा पट्टा, जिथे टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, विटा कापून वाळवण्याचा आमच्या घराण्याचा हक्क आहे, तोही कोलमनलाच. पण त्याने तिथे फावडे घालू नये. आता चूल पेटवायला टर्फ लागत नाही. पाणी चढू द्यावे, पाखरे येतील.

या पट्ट्याविषयी थोडे लिहितो, कारण पुढचे सगळे प्रकरण इथूनच निघते. डेरी म्हणजे आमच्या जुन्या भाषेत ओकचे रान. आज डेरीगॉवनात ओकचे झाड औषधालाही सापडणार नाही. सगळे रान खाली, चिखलात आडवे झाले आहे. मी शाळेत जात होतो तेव्हा बापाचे फावडे टर्फ कापताना ठक्क करून अडले. आम्ही दोर लावून गाढवाच्या मदतीने एक खोड वर ओढले. कोळशासारखे काळे. बाप म्हणाला, हे सुकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नऊ वर्षे आम्ही हात लावला नाही. पोराचा बाप्या झालो तरी मी शेडमध्ये जाऊन नुसता वास घेऊन येत होतो. बाप गेला, आणि त्या खोडाचा पहिला तुकडा मी कापला तो डीलियासाठी. तिच्याशी लग्न ठरले होते आणि सोन्याची ऐपत नव्हती. मी बगळा कोरला. पाण्यात एका पायावर उभा, मान आत ओढलेली. मागे पिन लावून ब्रोच केला. माझ्या हातून झालेली ती पहिली धड वस्तू, आणि त्यानंतर शेकडो दागिने केले तरी तिच्या तोडीची दुसरी झाली नाही. हे मी नम्रपणाने लिहीत नाही, हिशेबाने लिहितो.

डीलियाने तो बगळा रोज लावला. गाईचे दूध काढतानाही लावला. सोरखा अंगावर पीत होती तेव्हा तिने एकदा मुठीत धरून असा ओढला की चोचीचे टोक तुटले. मी चांदीचे टोक बसवून दिले. तेव्हापासून तो बगळा हजारांत ओळखता येतो.

कलम चौथे. काउंटीच्या गावात पर्यटकांना "प्राचीन दलदलीतले ओक" म्हणून काळा रंग फासलेले पाइनचे स्वस्त लाकूड विकणारे जे दुकान आहे, त्याच्या मालकाने तीन वेळा माझ्याकडे माझे नाव वापरण्याची परवानगी मागितली. माझ्या मरणानंतर तो माझ्या मुलांकडेही येईल. त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावे. त्याच्या दुकानातला क्रूस कानशीने जरा घासला की आतून भाताइतका पांढरा निघतो. एवढेच त्याच्यासाठी ठेवून जात आहे.

कलम पाचवे. मालाकी शान्ली, आमच्या गावचा दारूवाला आणि अंत्यविधीवाला, पुढच्या दाराने ग्लास आणि मागच्या दाराने शवपेट्या, याला मी या कागदाचा साक्षीदार केले आहे. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून दमडीही घेता येत नाही. मालाकीला हे ठाऊक आहे. तो म्हणाला, म्हणजे तू मला फुकटात नागवलास. मी म्हटले, हो. पण वस्तू देता येत नाही तरी शब्द देता येतो, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून लिहितो की, क्लीनाच्या लग्नात, हॉटेलच्या दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष मी त्याला जे जे म्हणालो, ते सगळे मी परत घेतो. काय म्हणालो ते पुढच्या कलमात येईल.

कलम सहावे. ~~माझी मुलगी सोरखा हिला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. निळ्या बशाही नाहीत.~~

वरच्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. वकीलबाई म्हणाल्या की खोडलेले तसेच दिसू द्या आणि बाजूला तुमची व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे घाला, म्हणजे नंतर कोर्टात कोणी शंका घेणार नाही. बरे झाले. मी कोणत्या टोकाला गेलो होतो ते तिला दिसलेलेच बरे. आता झाले कसे, ते सांगतो.

क्लीना ही सोरखाची मुलगी, माझी एकुलती नात. आजी गेली तेव्हा ती शाळेच्या पहिल्या वर्गांत होती. गेल्या महिन्यात तिचे लग्न झाले. मी नवे जोडे घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो होतो, शेजारी सोरखा. बाजा वाजला, सगळे उभे राहिले, आणि क्लीना बापाच्या हाताला धरून आत आली. पोर सुंदर दिसत होती. मी डोळे पुसायला रुमाल काढला, आणि ती बाकाजवळून जाताना माझी नजर तिच्या फुलांच्या गुच्छावर गेली. पांढऱ्या रिबिनीवर काळा बगळा. चोचीला चांदीचे टोक.

 मी बाकाची कड घट्ट धरली. तो बगळा मी डीलियाच्या निळ्या झग्यावर लावला होता, घरातल्या पुढच्या खोलीत, मेणबत्त्या लावलेल्या होत्या, बोटांत जपमाळ गुंडाळलेली होती. त्यावर झाकण बसले. वर माती पडली. दर उन्हाळ्यात कबरस्तानाच्या रविवारी सगळा गाव आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभा राहतो, तसा मीही उभा राहत आलो, आणि लोकांना सांगत आलो की माझी डीलिया खाली एकटी नाही, तिचा बगळा तिच्याजवळ आहे. सतरा-अठरा उन्हाळे हेच सांगितले. आणि इथे तो माझ्या डोळ्यांसमोर चालत वेदीकडे निघाला होता.

मी सोरखाकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा फटक पडला होता. मला वाटले, पोरीनेही ओळखला, तिलाही माझ्यासारखाच धक्का बसला. म्हणून मी तिचा हात हातात घेतला आणि दाबला. धीर द्यायला. आज हे आठवले की अंगावर काटा येतो. मी तिला धीर देत होतो.

पाद्रीबाबा काय बोलले, कोणी काय वचन दिले, मला एक अक्षर ऐकू आले नाही. डोक्यात एकच: कबर उकरली कोणी? मग विचार आला की कबर उकरायची गरजच काय, झाकणाचे स्क्रू ज्याच्या हातात असतात त्याला. आणि असा माणूस गावात एकच. तो हॉटेलात बारपाशी उभा राहून माझ्या नातीच्या सुखासाठी पीत होता.

वेटर पोरगी जेवणाला बीफ घेणार की सामन मासा, असे विचारत होती. तिला बाजूला सारून मी मालाकीच्या कोटाची कॉलर धरली.

"मेलेल्या बायकांच्या अंगावरचं ओरबाडतोस?" मी म्हणालो. "माझ्या बायकोचा बगळा कितीला विकलास?"

 मालाकीने ग्लास हळूच खाली ठेवला. "फेलिम, आज पोरीचं लग्न आहे," तो म्हणाला. "उद्या बोलू."

नाही म्हणाला असता तर मी कदाचित थांबलो असतो. तो नाही म्हणाला नाही, म्हणून माझा तोल आणखीनच गेला. आमच्या गावातल्या किती बायकांच्या अंगठ्या तुझ्या गल्ल्यात गेल्या, असे मी विचारले. चोर म्हणालो, कबरीतला किडा म्हणालो, आणि त्याच्या आईचेही नाव काढले. तिथे बसलेल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी मालाकीच्या हातून पुरले गेले होते. एकेकाचा चेहरा बदलत गेला. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईने काटा खाली ठेवला आणि ती मालाकीकडे बघत राहिली. तिने पुरताना नवऱ्याचे घड्याळ नवऱ्याच्याच मनगटावर राहू दिले होते. मी एका वाक्यात सगळ्या गावाची झोप उडवली, आणि मालाकी तरीही गप्प. नाक लाल, मान खाली.

तेव्हा मागून सोरखा आली.

"बाबा, मालाकीकाकांना सोडा," ती म्हणाली. "तो मी काढला."

माझ्या हातातून कॉलर सुटली. मी विचारले, काय काढलेस. तिने पुन्हा सांगितले, सावकाश. झाकण लावायच्या आधी सगळे बाहेर गेले तेव्हा ती मागे राहिली होती. तेव्हा तिने आईच्या झग्यावरून बगळा काढून घेतला.

"आईच्या अंगावरून?"

"हो."

"का?"

"नऊ वर्षं त्या लाकडातलं पाणी जायची वाट बघितलीत तुम्ही," ती म्हणाली. "आणि एका दुपारी परत ओल्या मातीत घालायला निघालात. मला बघवलं नाही, बाबा."

मी म्हणालो, "आणि आईला लुटताना बघवलं?"

 क्लीना लांब उभी होती, हातात तो गुच्छ, आणि तिला काहीच समजत नव्हते. मी नवे जोडे करकरवत बाहेर पडलो आणि वकीलबाईंचा कारकून नोएल मुल्वी पाहुणा म्हणून आला होता, त्याच्या गाडीतून घरी आलो. दुसऱ्याच सकाळी मी नोएललाच फोन करून कागद तयार करायला सांगितला. त्या टंकलेल्या कागदातही वर खोडलेल्या याच दोन ओळी होत्या, आणि मला त्या फार गोड लागत होत्या.

कलम सातवे. या कलमात कोणाला काही दिलेले नाही. पण हे वगळले तर पुढचे कोणाला कळणार नाही.

लग्नानंतर दोन आठवड्यांनी क्लीना आली. बगळा हातरुमालात गुंडाळून आणला होता. दारातच रडायला लागली. तिने सांगितले की लग्नाच्या सकाळी झग्याचा टाका उसवला म्हणून ती आईच्या शिवणाच्या डब्यात दोरा शोधत होती, तेव्हा तळाशी हा सापडला. आजीचा आहे हे तिला आठवत होते, मी केलेला हेही आठवत होते, पुरला होता हे मात्र कोणी तिला कधी सांगितले नव्हते. कबरस्तानाच्या रविवारी सोरखा तिला कधी बरोबर आणत नसे, का ते आता कळते. आजीचे काहीतरी जुने जवळ असावे म्हणून तिने आईला न विचारता रिबिनीला लावला. आई तेव्हा आधीच चर्चमध्ये पोचली होती. मी तिला जवळ घेतले, चहा दिला, आणि तुझी काही चूक नाही असे सांगून वाटेला लावले. तिची आई तो कधी लावते का, हे मी जाता जाता विचारलेच. क्लीना म्हणाली, मी तर तिच्या अंगावर तो कधीच पाहिला नाही.

मग मी दिवा लावला, भिंग काढले, आणि अठरा वर्षांनी माझा बगळा हातात घेतला.

त्याला एकही तडा नव्हता. मी उलटा केला, पायाच्या मागे पाहिले, जिथे लाकूड सगळ्यांत बारीक आहे तिथे पाहिले. चांदीचे टोक जागच्या जागी. काळेपणा खोल, जिवंत. डब्यात नुसते पडून राहिलेले लाकूड असे राहत नाही. घरात थंडीचे हीटर सुरू झाले की हवा कोरडी पडते. तेव्हा दरवर्षी त्याला मेण द्यावे लागते, तेही बोटाने, फडक्याने नव्हे. मी वास घेतला. मधमाशीचे मेण आणि जवसाचे तेल, आमच्या शेडच्या मापाने. हे माप मी सोरखाला कधी शिकवले नाही. कोलमनला शिकवले, तो विसरला. सोरखा तेव्हा दारात बसून सफरचंद खात असायची आणि मला वाटायचे, ही नुसतीच बसली आहे.

मी बगळा टेबलावर ठेवला. आमचे कबरस्तान उताराच्या पायथ्याशी आहे. डीलियाच्या वेळी खड्ड्यात पाणी भरले होते आणि मालाकीच्या माणसांनी सकाळी बादल्यांनी उपसले होते. मी उभा राहून पाहत होतो. गिऱ्हाइकाला क्रूस विकताना मी दर वेळी बजावतो की बाई, भांडी घासताना हा अंगावरून काढा, एकदा सुकलेले लाकूड परत भिजले की फुगून फाटते. परक्या बायकांना भांड्यांच्या पाण्याची ताकीद देणारा मी, माझ्या हातचे सगळ्यांत चांगले काम त्या पाणी भरलेल्या खड्ड्यात घालत होतो, आणि माझ्या मनाला ते शिवलेसुद्धा नाही. मला वाटत होते, दलदलीतून आले ते मातीत परत गेले, छान झाले. अख्ख्या काउंटीत हे चुकते आहे हे कळणारे एकच माणूस होते आणि ते माझ्या शेजारी रडत उभे होते. या गोष्टीचा धक्का मला बगळा दिसल्याच्या धक्क्याहून मोठा बसला आहे, आणि अजून उतरलेला नाही.

तरी चोरी ती चोरी. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मालाकीकडे गेलो, दुकान उघडायच्या आधी. त्याने दार उघडले आणि एक ग्लास समोर ठेवला. त्याला ठाऊक होते का, असे मी विचारले.

तो म्हणाला की झाकण लावण्याआधी घरातले शेवटचे माणूस पेटीपाशी राहते, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बापाने त्याला धंद्यातली ही पहिली गोष्ट शिकवली. लोक पेटीत काय घालतात, काय काढतात, काय पुटपुटतात, ते त्यांचे.

"पण झाकण लावताना तुला दिसलं असेल," मी म्हणालो.

"दिसलं."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी नाही, पुढे कधी? आणि हॉटेलात सगळ्यांपुढे माझ्या शिव्या कशाला खाल्ल्यास?"

मालाकी फडक्याने बार पुसत राहिला. "त्या दिवशी तुला बायको पुरायची होती," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं असतं तर तू पोरगीही त्याच खड्ड्यात पुरली असतीस. मला तुझा स्वभाव माहीत नाही होय?"

मी तो ग्लास न पिता घरी आलो. मग हे कलम लिहायला बसलो. त्याआधी वरच्या दोन ओळी खोडल्या.

कलम आठवे. लाकडाची शेड, ती ज्या जागेवर उभी आहे ती जागा, रस्त्यापर्यंतची वाट, आत वाळत असलेले मोठे खोड, माझ्या पटाश्या, कानशी, सुऱ्या, बापाची करवत, मेणाचे भांडे, आणि दागिन्यांमागे मी कोरतो ती माझी खूण, हे सगळे माझी मुलगी सोरखा हिला मिळावे, तिचे एकटीचे, बिनशर्त. वकीलबाईंनी विचारले की तिने धंदा चालवावा अशी अट घालायची का. नको. ते खोड अजून चार-पाच हिवाळे तरी तयार होणार नाही. कधी हात लावायचा हे तिला कळेल. ज्याला कळते त्याला अट कशाला घालायची.

कोलमनने वाईट वाटून घेऊ नये. त्याला घर आहे. शेडमध्ये त्याने बहिणीने बोलावले तरच जावे आणि तारेची कोणतीही वस्तू बरोबर नेऊ नये. माझ्या आईचे कपाट आणि निळ्या बशा क्लीनाला. तिचा संसार नवा आहे, बशा फुटतीलच, त्याची खंत करू नये.

सोरखा आणि मी अजून बोललेलो नाही. ती काल रस्त्यावरून गाडीने गेली, मी फाटकाशी होतो, दोघांनीही हात वर केला नाही. दोघे एकाच मुशीतले. मी आधी जायला हवे हे मला कळते, आणि पाय उचलत नाही. लग्नातले ते माझे शेवटचे वाक्य मी परत घेऊ शकत नाही, मालाकीला म्हटलेले घेतले तसे कागदावर तर नाहीच. ते मला तोंडाने करावे लागेल. झाले तर हा कागद उघडण्याआधी होईल. न झाले तर पुढचे कलम आहे.

कलम नववे. माझे अंत्यविधी मालाकी शान्लीने करावेत. त्याच्याआधी मी गेलो तर. पेटी साधी. पेटीपाशी रात्रभर जागायला येतील त्यांना हॅम आणि चहा पोटभर द्यावा, माझ्याविषयी खोटे चांगले बोलू नये, खरे बोलायला हरकत नाही. मला डीलियाच्या शेजारी ठेवावे, खड्ड्यात पाणी असेल तर असू द्यावे, मी काही लाकूड नाही.

मला तपकिरी कोट घालावा आणि डाव्या बाजूला डीलियाचा काळा बगळा लावावा. तो माझ्या पलंगाजवळच्या खणात आहे. तो कोणाला मिळावा हे या कागदात लिहिलेले नाही. वकीलबाई म्हणतात की हे बरोबर नाही, प्रत्येक किमती वस्तूला नाव द्यावे लागते, नाहीतर भांडणे होतात. मी त्यांना सांगितले की याला नाव देणार नाही. मी दिला तर तो माझा दिलेला होईल. तिने तो कोणाच्या देण्याने घेतला नव्हता, आणि म्हणूनच तो आज शाबूत आहे.

झाकण लावायच्या आधी सर्वांनी खोलीतून बाहेर जावे. कोलमनने, क्लीनाने, पाद्रीबाबांनी, आणि मालाकीनेही, भिंतीकडे तोंड करूनसुद्धा आत थांबू नये. फक्त सोरखाने आत राहावे. तिला लागेल तेवढा वेळ द्यावा, दार वाजवू नये. झाकण तिने बसवावे. पेटीत काय राहिले आणि काय बाहेर आले, हे तिला कोणी विचारू नये. मीही विचारणार नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून आम्ही तिघांनी एकाच टेबलाशी बसून, एकमेकांसमक्ष, एकाच पेनाने सह्या केल्या. कलम सहामधल्या खोडलेल्या ओळींशेजारी तिघांची आद्याक्षरे आहेत.

फेलिम गॅफनी (सही)

साक्षीदार पहिला: मालाकी शान्ली, दारूविक्रेता व अंत्यविधी व्यवस्थापक, डेरीगॉवना (सही)
साक्षीदार दुसरा: नोएल मुल्वी, वकिलांचा कारकून, लाँगफर्ड (सही)

स्थळ: डेरीगॉवना, काउंटी लाँगफर्ड
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२४